ओसरीवरचा रेडिओ



दिवेलागण झाली, धारा निघाल्या, जनावरांपुढे वैरण पडली, की पूर्वी घराघरांतून एकच आवाज यायचा. आधी खरखर, मग शिट्टी, आणि मग लांबून आल्यासारखा निवेदकाचा स्वच्छ आवाज. तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. तरुण वाचकांनी आपल्या आजीला विचारावे. ती सगळे काम बाजूला ठेवून सांगेल.

आमची वस्ती गावापासून दीड मैलावर, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात. चार घरे, एक विहीर आणि चौघांत मिळून एक ट्रान्झिस्टर. तो आमच्या ओसरीवर खुंटीला टांगलेला असे. त्याला भोकाभोकांचे चामडी कव्हर होते. आईने त्यावर जुन्या लुगड्याचा पदर शिवून घातला होता, धूळ बसू नये म्हणून. त्या काळी रेडिओला सरकारी परवाना लागे आणि पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही भानगड संपली. पण आबांनी ते परवान्याचे पुस्तक सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पेटीत जपून ठेवले होते.

घड्याळ नव्हते, रेडिओ होता

आमच्या घरी घड्याळ नव्हते. सकाळी पुण्याहून सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागत. सुधा नरवणे यांचा आवाज आला की आई म्हणायची, "ऊठ रं, शाळंची येळ झाली." संस्कृत बातम्या १९७४ साली सुरू झाल्या. त्यातले आम्हाला अक्षरही कळत नसे, पण त्या लागल्या की चहाला आधण ठेवायचे, हे ठरलेले. दुपारी बायकांचे कार्यक्रम, रविवारी मुलांचे. आमच्या आधीच्या पिढीने तर १९५५ साली पुणे केंद्रावर गीतरामायण ऐकले. गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत, आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवे गाणे. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसत, असे जुनी माणसे सांगत.

पण आमच्या ओसरीवर खरी गर्दी व्हायची ती संध्याकाळी. शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव आणि हवामानाचा अंदाज. गुळाचा भाव, हळदीचा भाव, कांद्याचा भाव. आबांना लिहिता येत नव्हते. ते मला वही घेऊन बसवायचे. "लिही, कोणतं औषध म्हणाला? किती पाण्यात?" मी लिहायचो. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून चारही घरचे कारभारी त्यावर बोलायचे. कोणी म्हणे, हे आपल्या रानात चालणार नाही. कोणी म्हणे, एक वाफा करून तर बघू. ती वही हेच माझे शेतीचे पहिले पुस्तक. पुढे मी बी. एस्सी. अॅग्री झालो, त्याचे मूळ त्या वहीत आहे.

बुधवारची रात्र

आता एक गोष्ट सांगतो. ती मी फार वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

१९८३ साल. जूनमध्ये आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता आणि मी आठवीत होतो. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. अमीन सयानींचा आवाज ऐकला की आम्हा पोरांना दुसरे काही सुचत नसे. आबांना मात्र सेल फुकट घालवलेले चालत नसत. भुईमूग काढणीचे दिवस होते. आबा रानात राखणीला जायचे. त्या बुधवारी मी ट्रान्झिस्टर घेऊन गोठ्यात बसलो. गीतमाला संपली, तरी सुई फिरवत राहिलो. शेवटी आवाज बारीक होत होत बंद पडला.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप सेल काढून गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात ठेवले. उन्हात तापवले की सेल थोडा वेळ चालतात, हे तुम्हालाही आठवत असेल. पण या वेळी ते उठले नाहीत. संध्याकाळी मंडळी जमली. आबांनी बटण फिरवले, आवाज नाही. "बिघडला वाटतं," कोणीतरी म्हणाले. मी बोललो नाही. सगळे उठून गेले.

त्या संध्याकाळी हवामानाच्या अंदाजात पाऊस सांगितला होता. गावात ज्यांनी ऐकले, त्यांनी रात्रीच वेल गोळा करून ढीग लावले, वर पाचट टाकले. आमच्या चारही घरांचा भुईमूग उपटून, शेंगा वर करून रानात वाळत पडला होता. पहाटे पाऊस सुरू झाला, तो दोन दिवस उघडला नाही. शेंगा काळ्या पडल्या आणि शेंगेतच दाण्याला मोड आले.

असे का झाले, ते मला पुढे कॉलेजात कळले. उपट्या भुईमुगाच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते. पक्व शेंगेला ओल मिळाली की दाणा लगेच रुजतो. पसऱ्या जातीचा दाणा काही आठवडे झोपून राहतो, म्हणून तो तग धरतो. आमचा उपट्या होता. दाणा गेला आणि पालाही कुजला, म्हणजे गुरांची वैरण गेली.

तिसऱ्या दिवशी आबांनी रेडिओ उघडला. सेल पाहिले, माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता चामडी लोळवणार. ते एवढेच म्हणाले, "गाणी ऐकलीस त्याचं काय नाय. सेल संपल्यात एवढं सांगायचं होतंस. गावातनं आणलं असतं." मग ते शेजारच्या तिन्ही घरी स्वतः गेले आणि सेल आपल्या घरात संपले होते, हे सांगून आले. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

बंधूंनो, मार खाल्ला असता तर मी विसरलो असतो. हे विसरलो नाही.

ऐका, बोला, करा

ही आठवण आज का सांगतो? १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावे निवडली. गावोगाव लोकांनी एकत्र बसून शेतीचे वीस कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि मग करून पाहायचे. जिथे मंडळी एकत्र बसली, तिथे लोकांची माहिती जास्त वाढली, असे तपासणीत दिसले. म्हणजे गुण नुसत्या रेडिओचा नव्हता, ओसरीवरच्या बैठकीचाही होता.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. माहितीला तोटा नाही, पण प्रत्येकजण एकटा ऐकतो. मागे एका तरुण शेतकऱ्याने मोबाइलवर पाहून तीन औषधे एकत्र करून फवारली. पाने करपली. भीतीपोटी त्याने आठ दिवस वडिलांना सांगितले नाही, आम्हालाही नाही. सांगितले तेव्हा हातात काही उरले नव्हते. त्याला मी रागावलो नाही. मला गोठ्यात बसलेला आठवीतला पोरगा आठवला.

म्हणून माझी विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ चार घरांनी एकत्र बसावे. घरातल्या बायकांनाही बसवावे, कारण वाळवण आणि बियाणे त्याच सांभाळतात. हवामान खात्याचा अंदाज सर्वांनी मिळून पाहावा. शंका आली तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारावे. ही सोय २००४ पासून आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत. औषधांचे मिश्रण विचारल्याशिवाय करू नये. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगावी. पोराने सांगितली, तर त्याला आधी जवळ बसवावे आणि काय झाले ते ऐकून घ्यावे.

आमचा तो ट्रान्झिस्टर आता वाजत नाही. आबाही नाहीत. पण खुंटी तिथेच आहे आणि काढणीच्या दिवसांत संध्याकाळ झाली की माझी नजर आपोआप तिकडे जाते.