साबणाचा साचा : निवड आणि निगा

घरगुती साबणाच्या कृतीत तेल, पाणी आणि दाहक सोडा यांची मापे काटेकोरपणे दिलेली असतात. साच्याविषयी मात्र ‘मिश्रण साच्यात ओतावे’ एवढाच उल्लेख आढळतो. त्यामुळे हाताशी असलेले कोणतेही भांडे साचा म्हणून चालेल, अशी समजूत होते. ही समजूत चुकीची, इतकेच नव्हे तर धोक्याचीही आहे.

तेल व दाहक सोडा यांच्यातील रासायनिक क्रियेने साबण आणि ग्लिसरीन निर्माण होतात. तेलातुपाची घटना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडून दाखविली. थंड पद्धतीत ही क्रिया घोटण्याच्या भांड्यात पुरी होत नाही. मिश्रण दाट होताच ते ओततात, आणि क्रियेचा मोठा भाग साच्यातच घडतो. एक किलोग्रॅम खोबरेल तेलास सुमारे १८० ग्रॅम दाहक सोडा लागतो. तेव्हा साच्यात पडणारा पदार्थ हा साबण नसून, त्वचा भाजू शकेल असे उष्ण मिश्रण असते.

म्हणून ॲल्युमिनियमची भांडी या कामी सर्वथा वर्ज्य होत. दाहक सोडा हा धातू खातो व त्या क्रियेत उष्णता आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही असाच झिजतो. तांब्यापितळेचे सूक्ष्म अंश साबणात उतरल्यास त्यातील शिल्लक तेल लवकर खवट होते. लाकूड, पॉलिप्रॉपिलीन, सिलिकोन रबर आणि स्टेनलेस स्टील हे पदार्थ साच्यास योग्य होत. लाकडी साच्यास आतून जाड पॉलिथिनचे अस्तर द्यावे.

साच्याच्या आकाराचाही परिणाम होतो. जाड लाकडी पेटी उष्णता धरून ठेवते व क्रिया लवकर पुरी होते. मात्र मिश्रण फार तापल्यास वडीला मधोमध भेग पडते. लहान, उथळ साचे लवकर निवतात. त्यांत क्रिया मंदावते, आणि उरलेल्या सोड्याचा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन वडीवर सोडियम कार्बोनेटचा पांढरा थर जमतो. असे साचे झाकून उबदार जागी ठेवावेत. साच्यात किती मिश्रण मावेल, हे आधीच काढावे. २५ सेंटिमीटर लांब, ८ रुंद व ६ उंच अशा पेटीचे घनफळ १२०० घन सेंटिमीटर भरते. परंतु ती काठोकाठ भरू नये.

साबण साधारणतः २४ ते ४८ तासांनी साच्यातून काढतात. निव्वळ खोबरेलाचा साबण मात्र काही तासांतच कठीण होतो, आणि कापण्यास उशीर झाल्यास त्याचे तुकडे पडतात. वड्या पुढे चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवाव्यात.

रिकामा साचा धुताना रबरी हातमोजे घालावेत, कारण काठाला लागलेले कच्चे मिश्रण दाहक असते. तो एकदोन दिवस तसाच ठेवल्यास ते मिश्रण साबण बनते आणि कोमट पाण्याने सहज निघते. लाकडी साचा पाण्यात भिजत घालू नये, अन्यथा फळ्या वाकतात. तो ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा. ओरखडे पडलेला प्लॅस्टिकचा साचा टाकून द्यावा. साबणाचा साचा स्वयंपाकासाठी पुन्हा कधीही वापरू नये. त्यावर तशी खूण करून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. कच्चे मिश्रण अंगावर उडाल्यास ती जागा तत्काळ भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी, आणि डोळ्यांत गेल्यास धुणे चालू ठेवूनच वैद्यकीय साहाय्य घ्यावे.