कामगार आणि कायदा : भाग 7 – नोंद 40 वर्षांची, मुदत 2 वर्षांची

गळीत हंगाम संपला की कोपरगाव परिसरात साखर कारखान्यांच्या दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. बॉयलर उघडले जातात, वाफेच्या पाइपांवरचं आवरण सोललं जातं, झडपांमधली जुनी पॅकिंगची दोरी ओढून काढतात. एके काळी देशभर वाफेच्या यंत्रणांत ही आवरणं, दोऱ्या आणि गॅस्केटं सर्रास अ‍ॅस्बेस्टॉसची असत. गोठ्यावर आणि शेडवर चढणारे सिमेंटचे पत्रेही बहुधा त्याचेच. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही. तो ग्राइंडरने कोरडा कापला, भोकं पाडली, फोडला की धोका सुरू होतो. डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि तिथेच रुततात. दम लागायला किंवा कर्करोग उघड व्हायला अनेकदा 20 ते 40 वर्षं लागतात. तोवर फिटर निवृत्त झालेला असतो, ठेकेदार बदललेला असतो.

कायद्याची खरी परीक्षा या लांब काळापुढे आहे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी निकाल दिला, तेव्हा न्यायालयाने हे नेमकं ओळखलं होतं. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगून न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाला आदेश दिला : प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायची. माझ्या मते हा आपल्या कामगार कायद्यातला सर्वांत दूरदर्शी आदेश आहे.

आता 1923 चा भरपाई कायदा पाहा. अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी होणारा फुफ्फुसाचा आजार, त्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होता. पण नोकरी सुटल्यानंतर दिसणाऱ्या लक्षणांसाठी कलम 10 ने जी वाट ठेवली, ती लक्षणं 2 वर्षांच्या आत दिसली तरच. 20 वर्षांनी उघड होणाऱ्या रोगाला 2 वर्षांची मुदत! सबळ कारण असेल तर उशिराचा दावा ऐकण्याचा अधिकार आयुक्तांना होता, पण ते कारण पटवून द्यायची जबाबदारी धाप लागलेल्या माणसावरच येते. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

परिणाम आकड्यांत दिसतो. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांना तपासलं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण पाचामागे एकाला अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. देशभरात भरपाई मिळालेले कामगार मात्र तोवर 30 हूनही कमी असल्याचं त्यांनी नोंदवलं.

युरोपीय संघात 2005 पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आहे. आपल्याकडे बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये फेटाळली, पण 1995 चे आदेश पाळायला सांगितलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1986 चा करार क्रमांक 162 भारताने स्वीकारलेला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियम आणि भरपाई कायदा यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. अ‍ॅस्बेस्टॉसिस सूचनीय रोगांच्या यादीत राहिला आहे, म्हणजे असा रुग्ण आढळला की डॉक्टरने सरकारी यंत्रणेला कळवायला हवं. डॉक्टर ‘विडी ओढता का?’ हे हमखास विचारतात. ‘आयुष्यभर काय काम केलंत?’ हे क्वचितच.

म्हणून दुरुस्तीवर आणि पत्र्यांच्या कामावर जाणाऱ्यांनी आपली नोंद आपणच ठेवावी : ठेकेदाराचं नाव, कारखाना, वर्ष, नेमकं काम, हजेरीपत्रक, ईएसआयचा क्रमांक, छातीचा जुना एक्स-रे. पत्रा ओला करूनच कापावा, भुसा कोरडा झाडू नये आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. बायका-मुलांच्या छातीतही ती धूळ जाते. तपासणीसाठी तक्रार राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

पुढच्या आठवड्यात : दगडखाणीतली धूळ आणि सिलिकोसिस.