वाघाच्या पावलांनी नकाशा

राजापेठेतल्या तिसरीच्या मुलाला अमरावती जिल्ह्याचा भूगोल शिकवायचा तर तालुक्यांची नावे पाठ करून घेऊ नका. आधी विचारा, वाघ कुठे राहतो? ‘मेळघाटात’ हे उत्तर लगेच येते. मग विचारा, तिथेच का? वाघाला दबा धरायला झाडोरा, प्यायला पाणी आणि शिकारीला सांबर लागते. तिथे सातपुड्यातल्या गाविलगडच्या डोंगरांत साग आहे, सिपना, खापरा, गाडगा या तापीला मिळणाऱ्या नद्या आहेत. म्हणूनच मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक ठरला.

आता काळवीट घ्या. त्याला घनदाट जंगल नको, मोकळे माळरान हवे. धोका लांबून दिसला पाहिजे आणि धूम ठोकता आली पाहिजे. वाशिम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ अभयारण्य त्याच्यासाठीच राखले आहे. सातपुड्याचा डोंगर आणि वऱ्हाडचे पठार यांतला फरक मुलाला इथे खरोखर कळतो.

पण सर्वांत विलक्षण धडा एका वाघाने स्वतःच्या पायांनी लिहिला आहे. यवतमाळमधल्या टिपेश्वरात जन्मलेल्या या तरुण नराला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणातला आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली असे करत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सरळ रेषेत हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पण तो चालला सुमारे 1,300 किलोमीटर! वाटेत शेते, रस्ते, गावे. बहुतेक चाल रात्रीची, दिवसा विसावा. नव्या हद्दीच्या आणि मादीच्या शोधात तरुण नर असेच घर सोडतात.

हा प्रवास नकाशावर पेन्सिलीने काढून पाहा. टिपेश्वरच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते, आणि तिचा उगम बुलढाण्याजवळच्या अजिंठ्याच्या डोंगरांत. ज्ञानगंगाही त्याच डोंगरांत. म्हणजे वाघ नदीच्या खालच्या अंगाकडून उगमाच्या डोंगरांपर्यंत गेला! जिल्हे, राज्याची सीमा, नदी, डोंगररांग, सगळे एका रेघेत आले. सात-आठ वर्षांचे मूल ही रेघ सहसा विसरत नाही, कारण तिच्यावरून कुणीतरी चाललेले असते.

शिक्षकांनो, पालकांनो, येत्या रविवारी महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर अंथरा, मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि टिपेश्वरपासून सुरुवात करा.