मॅन्युअल फोकस वाइड अँगल प्राइम लेन्स कशी पारखावी?

मॅन्युअल फोकस लेन्समध्ये कॅमेरा फोकस करत नाही. तो तुम्ही करता. त्यासाठी अनेकदा फोकस रिंगवरील अंतराच्या आकड्यांवर विसंबावे लागते. म्हणून पहिला प्रश्न असा: ते आकडे खरे आहेत का?

उदाहरणार्थ, सॅमयांग १४ मिमी एफ/२.८ ही लेन्स घेऊ. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर तिचा दृश्यकोन सुमारे ११५ अंश असतो. धूसर ठिपक्याची मर्यादा ०.०३ मिमी मानली, तर एफ/८ ला हायपरफोकल अंतर असे येते:

१४² ÷ (८ × ०.०३) + १४ ≈ ८३० मिमी

म्हणजे ०.८३ मीटरवर फोकस ठेवल्यास सुमारे ०.४२ मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट दिसते. एफ/२.८ ला मात्र हेच अंतर २.३५ मीटर होते. त्यामुळे रिंगमधील जी चूक दिवसा एफ/८ ला झाकली जाते, तीच रात्री तारे टिपताना उघडी पडते.

आता तीन चाचण्या करा. पहिल्या दोन्हींसाठी अ‍ॅपर्चर एफ/२.८ ठेवा.

१. अनंत चिन्ह : कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. लाइव्ह व्ह्यूमध्ये दूरचा मनोरा मोठा करून फोकस करा. रिंग अनंत चिन्हावर आहे का ते पाहा. या लेन्सच्या अनेक नगांत हे चिन्ह चुकलेले आढळते.

२. चारही कोपरे : रिंग न हलवता तोच मनोरा आळीपाळीने प्रत्येक कोपऱ्यात आणून छायाचित्रे घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर तो रचनेचा गुण. एकच कोपरा बिघडला असेल, तर आतील भिंग सरकलेले असण्याची शक्यता आहे. जवळच्या भिंतीवर ही चाचणी करू नका. कॅमेरा थोडा तिरपा असला तरी निष्कर्ष चुकतो.

३. सरळ रेषा : विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरा. या लेन्सच्या छायाचित्रात रेषा मध्यभागी फुगतात आणि कडांजवळ उलट वळतात, म्हणजेच मिशीसारख्या दिसतात. इमारतींची छायाचित्रे काढणाऱ्याला हे खटकेल. आकाश टिपणाऱ्याला क्वचितच.

जुनी लेन्स घेत असाल, तर पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या कॅमेऱ्यावर या चाचण्या करा. चुकलेले चिन्ह चिकटपट्टी लावून नव्याने आखता येते. वाकलेल्या रेषा योग्य लेन्स प्रोफाइल वापरून संगणकावर बऱ्याच सरळ होतात. पण एकाच कोपऱ्यातील धूसरपणा नंतर भरून निघत नाही. तसा नग घेऊ नका.