पोहता येतं, म्हणून शेततळ्यात उतरू नका

आपल्या राजूरची ओळख कोळसा आणि चुना. चुन्याच्या दगडासाठी खोदलेल्या खड्ड्यात पाणी साचलं की काठापासून एका पावलावर डोक्याइतकी खोली असू शकते, हे इथल्या माणसांना सांगावं लागत नाही. शेततळ्याची मात्र भीती वाटत नाही, आणि तेच मला जास्त खटकतं.

२०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे तळी वाढली. अस्तराच्या तळ्यात ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उतारावर ताणून बसवलेला असतो. त्यावर ओलं शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, हाताला पकड मिळत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो आणि दमतो. मोटरचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह) साफ करायला एकटा उतरलेला माणूस असाच अडकतो. दारू घेतली असेल तर विचारूच नका.

बुडणारा क्वचितच ओरडतो. श्वासच पुरत नाही. त्याच्यामागे उडी मारू नका. दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबत बसू नका. तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, १०८ला फोन लावा.

तळं असेल तर चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा. या आठवड्यातच.