सात घरांचा चौक

नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला माणसं कामाला येतात: कोकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँक. इमारती बघायला मुद्दाम कोणी येत नाही. जुनं काही दाखवा म्हटलं तर बोट खाडीकडच्या किल्ल्याकडे जातं. पोर्तुगीज, सिद्दी, मराठे अशा हातांतून फिरत १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आता पडके अवशेष तेवढे उरलेत.

पण विरुद्ध दिशेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. वय जेमतेम चाळीस. तरी ऐतिहासिक म्हणायला माझी हरकत नाही. वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याचे नकाशे छापलेले असतात आणि दोन स्टेशनं पलीकडच्या नेरूळकराला ते ठाऊक नसतं.

वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ या काळात ही वसाहत सिडकोसाठी उभी केली. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत १९६५ मध्ये खाडीपल्याड नवं शहर वसवा, असं सुचवणारे ते हेच कोरिया. त्या नव्या शहरात त्यांनी बांधलं मात्र गाव.

मांडणी साधी आहे. सात घरं एका चौकाभोवती. चौक साधारण आठ मीटर लांब, तेवढाच रुंद. असे तीन चौक, म्हणजे एकवीस घरं, मिळून आणखी मोठ्या मोकळ्या जागेभोवती. त्याच हिशेबाने वाढत वाढत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, तीही एकही टॉवर न उभारता. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरिबाच्या आणि ऐपतदाराच्या जागेत फार अंतर नाही. घरं बैठी किंवा एकमजली, कौलारू उताराची, गवंड्याला सहज बांधता येतील अशी. खरी मेख पुढे आहे: शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. पैसे जमले की खोली वाढवा, शेजाऱ्याची परवानगी मागायला नको. संडास मात्र जोडीजोडीने एकमेकांना लागून, नळाचा खर्च वाचावा म्हणून.

आज तिथं गेलात तर पहिल्यांदा निराशा होईल. कौलं जाऊन स्लॅब आलेत, कुठे तीन मजले चढलेत, ग्रॅनाइट लागलंय. मूळ रूपातली घरं शोधावी लागतात. याला ऱ्हास म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. घर बदलणार हे धरूनच आराखडा केला होता, आणि लोकांनी तो शब्दशः पाळला. चौकाचं तसं नाही. चौकात गाड्या उभ्या राहू लागल्या, ओटे पुढे सरकले, की मोकळी जागा जाते आणि सात घरांची नुसती गल्ली उरते. वारसा म्हणून काही जपायचं तर कौलांआधी ही अंगणं जपावीत. सिडको आणि महापालिकेने निदान तेवढं नियमात बसवावं.

हार्बर लाइनवरून सीबीडी बेलापूरला उतरा, रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणा. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो आणि वसाहतीतल्या ओढ्याला पाणी असतं, तेव्हा गेलात तर उत्तम. फोटो काढण्याआधी मात्र समोरच्या घरात विचारा. हे संग्रहालय नाही, लोकांचं अंगण आहे.