हात आवरणारे संघ

प्रो कबड्डी लीगच्या आजवरच्या १२ अंतिम सामन्यांचे निकाल एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांनी मिळून किती गुण घेतले, याची बेरीज मांडावी. पहिल्या चार सामन्यांत ती ५९, ६६, ५९, ६६ अशी येते. २०१७ मध्ये ती एकदम ९३ वर जाते. पुढचे तीन आकडे ७१, ७३, ७३ आहेत. मग उतरण लागते: ६२, ५३, ५५, ५९. सामना ४० मिनिटांचाच, चढाईला ३० सेकंदच, बचावाला सात गडीच. बदलले ते संघ आणि त्यांना घडवणारे लोक. या आकड्यांच्या चढउतारात बारा हंगामांचा प्रवास दडलेला आहे. आधी कर्णधारांचे दिवस होते, मग चढाईपटूंचे आले आणि अलीकडे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकांचे.

खानदेशाला हा प्रवास दुरूनच पाहावा लागला. जळगाव किंवा धुळ्यात लीगचा सामना कधी झाला नाही, खानदेशच्या नावाचा संघही नाही. जैन स्पोर्ट्स अकादमीमुळे बुद्धिबळ, कॅरम आणि क्रिकेटमध्ये जळगावचं नाव झालं, पण व्यावसायिक कबड्डी इथे आली ती टीव्हीवरूनच. तरी घराघरांत यू मुंबा आणि पुणेरी पलटण असे दोन तट पडलेच. महाराष्ट्राचे हे दोनच संघ, आणि बाद फेरीत कणखरपणा कसा येतो व कसा जातो, हे दोघांनी मिळून पुरेपूर दाखवलं.

सुरुवात मुंबईची. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईतच झालेल्या पहिल्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाला ३५-२४ असं हरवलं. पुढच्याच वर्षी मुंबईने बंगळुरू बुल्सवर ३६-३० अशी मात करून करंडक घेतला. मार्च २०१६ मध्ये दिल्लीत पाटणा पायरेट्सविरुद्ध त्यांनी पिछाडी भरून काढत आणली, पण ३१-२८ असा निसटता पराभव झाला. ओळीने तीन हंगाम अंतिम फेरी, आणि तिन्ही वेळा कर्णधार अनुपकुमार. हरियाणाचा हा गडी मुंबईकरांना आपला वाटला तो त्याच्या थंड डोक्यामुळे. संघ मागे पडला की तो घाई करत नसे. एखादा बोनस घ्यायचा, वेळ काढायचा, मध्यरेषेकडे परतायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध भारत मध्यंतराला १३-१८ असा मागे होता, तेव्हाही कर्णधार तोच होता. दुसऱ्या डावात अजय ठाकूरच्या चढाया चालल्या आणि भारत ३८-२९ असा जिंकला.

त्या काळात पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती. पुढे तिने चांगले खेळाडू आणले, बाद फेरीही गाठली, पण पाटण्यासमोर आली की हरली. २०१६ च्या दोन्ही हंगामांत उपांत्य फेरीत हाच प्रतिस्पर्धी आडवा आला आणि २०१७ मध्येही बाद फेरीत त्यानेच वाट अडवली. पुणेकरांना डिवचायला मुंबईवाल्यांना आयता विषय मिळाला होता.

मग चढाईपटूंचं राज्य आलं. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी चेन्नईत पाटण्याने गुजरातला ५५-३८ असं लोळवलं. परदीप नरवालने एकट्याने १९ गुण घेतले. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत बंगळुरूने त्याच गुजरातला ३८-३३ असं हरवलं. पवन सेहरावतचे त्यातले गुण होते २२. गुजरातचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग. याच मनप्रीतनी कर्णधार म्हणून २०१६ मध्ये पाटण्याला मुंबईविरुद्ध करंडक जिंकून दिला होता. त्यांनी तरुण, घट्ट बचाव असलेला संघ बांधला होता, पण दोन्ही वेळा एका माणसाच्या पायांनी तो बचाव विस्कटून टाकला. त्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला परदीपची डुबकी मारायची होती. कोपऱ्यात उभं राहून घोटा पकडायला कोणी राजी नसे.

जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली सेनादलाला ३४-२९ असं नमवून ११ वर्षांनी हे विजेतेपद राज्यात आलं. मात्र लीगमध्ये राज्यातल्या दोन्ही संघांची बाद फेरीतली वाट अडलेलीच राहिली.

वळण आलं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि ते आणलं बी. सी. रमेश या कर्नाटकी प्रशिक्षकाने. मागच्या हंगामात विजेत्या बंगळुरूच्या प्रशिक्षकांमध्ये असलेले रमेश आता बेंगाल वॉरियर्सकडे होते. त्यांचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग ऐन बाद फेरीत जायबंदी झाला. त्याच्याशिवाय बेंगालने उपांत्य फेरीत यू मुंबाला ३७-३५ असं बाहेर काढलं. अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने सुरुवातीलाच मोठी आघाडी घेतली, पण मध्यंतराला गुणफलक १७-१७ वर होता. दिल्लीच्या नवीनकुमारने १८ गुण मिळवले, तरीही बेंगाल ३९-३४ असं जिंकलं. मोठा चढाईपटू हरणाऱ्या बाजूला आणि करंडक कर्णधार गमावलेल्या संघाकडे, हे चित्र नवं होतं. संघाची ताकद एका माणसात साठवू नये, एवढा धडा त्यातून घेता येत होता.

२०२० मध्ये कोरोनामुळे लीग झाली नाही. पुढचा हंगाम बंगळुरूत, प्रेक्षकांविना, खेळाडूंना एकाच ठिकाणी कोंडून पार पडला. तेव्हा पलटणचा प्रशिक्षक होता अनुपकुमार. त्याच्या हाताखाली असलम इनामदार आणि मोहित गोयत ही नवी पोरं मैदानात उतरली. असलम नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा. संघ बाद फेरीत पोहोचला आणि यूपी योद्धाकडून ३१-४२ असा हरला. गंमत म्हणजे यूपीकडून पलटणला झोडपणारा चढाईपटू पुन्हा परदीप नरवालच होता. मात्र या हरलेल्या संघाला मोडलं नाही, हा पलटणच्या वाटचालीतला शहाणपणाचा निर्णय. हीच पोरं वाढवायची, असं ठरलं आणि ती बी. सी. रमेश यांच्या हाती आली.

डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत पलटण प्रथमच अंतिम फेरीत गेली. उपांत्य सामन्यात पंकज मोहितेच्या १६ गुणांच्या जोरावर तमिळ थलैवाजला ३९-३७ असं हरवलं होतं. पण असलम आणि मोहित दोघेही जायबंदी होऊन बाहेर होते. बेंगालसोबत जे जमलं, ते इथे जमलं नाही. जयपूरने २९-३३ असं रोखलं. कर्णधाराविना जिंकण्याची हातोटी असलेल्या प्रशिक्षकालाही एकाच वेळी दोन खांब गेल्यावर छत सावरता आलं नाही.

पुढच्या हंगामात कर्णधारपद असलमकडे आलं आणि इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना संघात आला. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी पलटणने १७ जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि फक्त दोन गमावले. उपांत्य फेरीत समोर होता पाटणा, तोच जुना अडसर. त्याला ३७-२१ असं बाजूला केलं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध अंतिम सामना झाला. हरियाणाच्या बाकावर मनप्रीत सिंग, प्रशिक्षक म्हणून तिसऱ्यांदा अंतिम फेरीत. मध्यंतर जवळ आलं असताना पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले आणि पलटण १३-१० अशी पुढे गेली. नंतरच्या २० मिनिटांत दोन्ही संघांनी अगदी बरोबरीने, १५-१५ गुण घेतले. निकाल २८-२५. लीगमधला हा सर्वांत कमी गुणांचा अंतिम सामना.

हे कमी गुण कंटाळवाण्या खेळाचे नव्हते. दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे बचाव करणाऱ्यांनी पहिल्या दोन चढायांत हात आवरले, तर तिसऱ्या वेळी प्रतिस्पर्ध्यालाच आत यावं लागतं. ऐकायला सोपं आहे. पण समोर गडी हात लावायच्या अंतरावर नाचतोय, प्रेक्षक ओरडताहेत, अशा वेळी पुढे न झेपावणं फार अवघड. कोपऱ्यातला एक जण अवेळी पुढे गेला की जोडीदाराची जागा उघडी पडते आणि एकाच्या चुकीत दोघं-तिघं बाद होतात. त्यातून लोण चढला तर आणखी दोन गुण जातात. टाइम-आउटमध्ये प्रशिक्षकांचं बोलणं टीव्हीवर ऐकू येतं. त्यात नवा डाव क्वचितच सांगितलेला असतो. पुढे जाऊ नका, थांबा, त्याला येऊ द्या, हेच बहुतेक वेळा. सात जणांचा मोह एकाच वेळी आवरणं हा कबड्डीतला कणखरपणा आहे. तो शेवटच्या पाच मिनिटांत शिकवता येत नाही.

रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. घड धरलेल्या झाडाला टेकू किंवा पट्टी लावायची ती मे-जूनच्या वाऱ्याआधी. वादळ सुटल्यावर बागेत जाऊन काही बांधता येत नाही.

व्यावसायिक बास्केटबॉलशी तुलना केली की कबड्डीची अडचण जास्त जाणवते. अमेरिकेच्या एनबीएमध्ये बाद फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे असतात. पहिला हरला तर प्रशिक्षक दुसऱ्यासाठी बचाव बदलू शकतो. तिथेही घसरण होतेच. २०१३ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सच्या हातातून अंतिम मालिकेचा सहावा सामना शेवटच्या काही सेकंदांत निसटला आणि सातवाही मायामी हीटने घेतला. स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी तोच संघ घेऊन पुढच्या वर्षी त्याच मायामीला ४-१ असं हरवलं. कबड्डीच्या अंतिम फेरीत मात्र पुढचा सामना नसतो. एका संध्याकाळी ४० मिनिटांत काय ते होतं. म्हणून इथल्या प्रशिक्षकाला सुधारणेसाठी मालिका मिळत नाही, पुढचा हंगामच मिळतो. पॉपोविच यांच्यासारखंच वर्षभर थांबून परत यायचं.

मनप्रीत परत आले. २९ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्या हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. प्रशिक्षक म्हणून तीन अंतिम सामने गमावल्यावर मिळालेला हा पहिला करंडक, तोही पुण्याच्या बालेवाडीत. त्यांच्या संघात शादलुई होता, आदल्या वर्षी पलटणसाठी खेळलेला. सर्वाधिक नऊ गुण घेणारा शिवम पटारे नगर जिल्ह्यातला. महाराष्ट्रातल्या मातीतली पोरं आता दोन्ही बाजूंना दिसत होती. खुद्द पलटण मात्र बाद फेरीच्या बाहेर होती. असलमचा गुडघा दुखावला आणि आधीच्या हंगामातली घडी विस्कटली. विजेतेपद एकदा मिळालं म्हणून शिस्त कायमची घरी राहायला येत नाही.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती. या वेळी प्रशिक्षक अजय ठाकूर. दबंग दिल्लीने ३१-२८ असं जिंकलं. दिल्लीचे प्रशिक्षक जोगिंदर नरवाल, २०२२ मधल्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळचे त्यांचे कर्णधार. मनप्रीत, जोगिंदर, अजय, अनुप ही सगळी नावं आधी मॅटवर होती, मग बाकावर आली. निवृत्त कर्णधार प्रशिक्षक झाले आणि अंतिम सामन्यांतले गुण घटले, या दोन गोष्टी साधारण एकाच काळातल्या. मला तो योगायोग वाटत नाही. कधी झेपावू नये, हे जो स्वतः भोगून शिकलाय तोच पोराला सांगू शकतो.

आता आपल्या दारात पाहू. धुळे-जळगावच्या गावागावांत शिवजयंती, यात्रा, २६ जानेवारी अशा निमित्ताने रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीच्या स्पर्धा होतात. उत्साहाला तोटा नसतो. ‘धर ना रे भो!’ असा कल्ला चारी बाजूंनी उठतो आणि कोपऱ्यातलं पोरगं त्या कल्ल्याला बळी पडून झेपावतं. हरलेला संघ घरी जातो तो शेवटच्या चुकलेल्या पकडीचं खापर एकाच्या डोक्यावर फोडून. क्रीडाशिक्षकाला त्या पोराची चूक पुढच्या सामन्यात सुधारून घ्यायची संधीच नसते, कारण पहिल्या फेरीपासूनच बाद पद्धत असते. निम्मे संघ एक सामना खेळून परततात.

आठ संघांच्या अशा स्पर्धेत सात सामने होतात. तेच आठ संघ चार-चारच्या दोन गटांत खेळवले, तर साखळीचे १२, उपांत्य दोन आणि अंतिम एक असे १५ सामने होतील आणि प्रत्येक संघाला किमान तीन मिळतील. एक रात्र जास्त लागेल, पंचांचं मानधन आणि जेवणाचा खर्च वाढेल. पण पहिल्या सामन्यात झेपावून बाद झालेलं पोरगं दुसऱ्या सामन्यात थांबून पाहील, तिसऱ्यात हात आवरायला शिकेल. पलटणला २०२४ चा करंडक हैदराबादमध्ये मिळाला. त्याची तयारी मात्र आधीच्या २२ साखळी सामन्यांत झाली होती. खानदेशातल्या आयोजकांनी यंदाच्या जत्रेत चषकाची उंची वाढवण्यापेक्षा सामन्यांची संख्या वाढवावी.